मंगळवारची सुट्टी : निपाणीतल्या एका जटेचं प्रकरण

निपाणीतल्या एका बिडी वळणाऱ्या घरात थोरल्या सुनेच्या डोक्यात जट झाली, तीनेक वर्षं राहिली आणि शेवटी घरच्यांच्या संमतीने कापली गेली. घटना एवढीच. पोलीस आले नाहीत, पेपरात बातमी आली नाही. तरी ती सविस्तर लिहावीशी वाटली, कारण ती जट ठेवण्यात आणि काढण्यात घर, धंदा, देवी, जात, दवाखाना, कॉलेज अशा सगळ्यांचा हात होता, आणि प्रत्येकजण आपापला हिशेब घेऊन बसला होता.

घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आजूबाजूच्या घरांतले काही त्यात मिसळले आहेत. नावं कुणाचीच देत नाही. थोरली, धाकटी, सासू, नवरा आणि मुलगी एवढ्यावर भागतं.

आधी गाव. निपाणी म्हणजे बेळगाव जिल्ह्याचं उत्तरेचं टोक. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नावरच्या १९६७ च्या महाजन अहवालाने महाराष्ट्राला द्यायला सांगितलेल्या २६४ गावांत निपाणी होती, पण तो अहवाल कागदावरच राहिला आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. रोजच्या जगण्यात हे असं दिसतं : रेशन कार्ड कन्नडात, घरातलं बोलणं मराठीत, आणि मुलगी ज्या देवचंद कॉलेजात जाते ते घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असूनही अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. यल्लम्मा देवीला मात्र या सीमेशी घेणंदेणं नाही. सौंदत्तीचा डोंगर बेळगाव जिल्ह्यातच, कन्नड मुलखात आहे, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूर-सांगलीकडची भरलेली वाहनं निपाणीवरूनच तिकडे जातात. भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं, जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) डोक्यावर, चौंडकं (तिच्या गाण्यांचं तंतुवाद्य) काखेत. निपाणीच्या पोराला हे दृश्य लहानपणापासून पाठ असतं.

दुसरी ओळख तंबाखूची. आसपासच्या काळ्या रानातली बिडीची तंबाखू, तिच्या वखारी आणि त्या वखारींवर नि बिडीवर जगणाऱ्या हजारो बायका. ६ एप्रिल १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी महामार्गावर बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, १२ जण गेले. ते आंदोलन इथल्या कुणालाही विचारा, सांगता येतं. वखारीत दिवसभर तंबाखू चाळणाऱ्या बाईच्या किंवा दारात सूप घेऊन बिडी वळणाऱ्या बाईच्या मानेबद्दल विचारा, ती हसून विषय बदलते.

थोरली घरीच बिडी वळते. आदल्या रात्री पान ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचं, मांडीवरच्या सुपात तंबाखू, पानात चिमूट भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं, तोंड दुमडायचं. हजार बिडीला अख्खा दिवस जातो. मजुरी हजारामागे, आणि कारखान्यात चेकरने छाट, म्हणजे नापास बिड्या, काढली की तेवढी गेली. १९६६ च्या कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार मानलं, १९७६ पासून बिडीवरच्या उपकरातून कल्याण निधी आला, त्यातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालल्या. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर बंद झाला. थोरलीकडे ओळखपत्र आहे. ते ट्रंकेत, लग्नातल्या साडीखाली.

जट आली ती तापानंतर. विषमज्वर झाला, दोन-अडीच आठवडे अंथरुणातच गेले. केस दाट, कमरेपर्यंत, अंगाला घाम, डोक्याला पाणी नाही की फणी नाही. उठली तेव्हा मानेच्या वर, डाव्या कानामागे, मुठीएवढा गुंता होता. त्यात तंबाखूची बारीक धूळ. धाकटीने तेल लावून सोडवायला घेतला, दोन दात मोडले फणीचे. तिसऱ्या दिवशी सासूने फणी काढून घेतली. "राहू दे. आईचं दिसतंय," एवढंच म्हणाली.

या टप्प्यावर तो फक्त गुंता होता. त्याची जट झाली आठवड्याभराने, कागलकडच्या एका गावातल्या जोगतिणीकडे, म्हणजे यल्लम्मेला वाहिलेल्या बाईकडे, नेल्यावर. तिने परडी पुढे ठेवली, भंडारा गुंत्यावर दाबला, आणि सांगितलं की आईनं धरलंय, तोडायचं न्हाई, इंचरायचं न्हाई, मंगळवार-शुक्रवार पाळायचे, पुनवेला डोंगरावर यायचं. तोडलंस तर घरातलं कोण तरी जाईल, हेही सांगितलं. त्यानंतर केस धुताना तो भाग कोरडा ठेवला जाऊ लागला, खोबरेल आणि भंडारा चढत गेला, आजूबाजूचे केस ओढले जात गेले. दोन वर्षांत जट पाठीवर आली, दोरखंडासारखी कडक, टोकाला जाड.

आता मला ज्याचं कुतूहल आहे ते इथे सुरू होतं. घरातल्या कुणालाच हे केस आहेत हे माहीत नव्हतं असं नाही. सासू स्वतः मला म्हणाली, "केसच की ते, दुसरं काय असतंय?" अज्ञान हा शब्द आपण फार लवकर वापरतो. जट तीन वर्षं राहिली ती कुणाला काही कळत नव्हतं म्हणून नाही, तिने थोरलीला जे मिळवून दिलं ते दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळत नव्हतं म्हणून.

काय मिळालं? पहिली गोष्ट सुट्टी. मंगळवारी आणि शुक्रवारी ती तंबाखूला हात लावेना. देवीचा वार, विटाळ नको. लग्नानंतरच्या वीसेक वर्षांत आजारपण आणि बाळंतपणं सोडली तर तिने अंग टेकून काढलेला दिवस नव्हता. हजारामागे मजुरी घेणारीला रविवार नसतो. आता आठवड्याचे दोन दिवस हक्काचे झाले, आणि हक्क असा की त्याच्यावर सासूही बोलू शकत नव्हती. दुसरी गोष्ट नवऱ्याचा हात. तो दारू पिऊन मारायचा, हे गल्लीला माहीत होतं. जट आल्यावर थांबला. "तिच्या अंगावर हात टाकायचा म्हंजे आईवर," असं तो स्वतःच सांगतो, त्यात लाज नाही, थोडा अभिमानच आहे. अंथरूण वेगळं झालं, तेही थोरलीच्या मनासारखं. तिसरी गोष्ट मान. शेजारच्या बायका ओटी घेऊन येऊ लागल्या, पोराच्या नोकरीचं, सुनेच्या दिवसांचं विचारू लागल्या. ज्या बाईला घरात शेवटी ताट मिळायचं, तिला मंगळवारी आधी वाढलं जाऊ लागलं.

आणि गेलं काय? मान दुखायची ती आधीपासूनच, बिडीने. त्यात डोक्याला एका बाजूला ओझं. रात्री कुशीवर झोपता येईना. उवा झाल्या, त्या जटेच्या आत, तिथे औषध पोचेना. उन्हाळ्यात वास. कानामागे चिघळलं. कॉलेजातली मुलगी मैत्रिणींना घरी आणायची थांबली.

पण यातलं सगळ्यात मोठं नुकसान थोरलीच्या खात्यावर नव्हतंच. दोन दिवसांच्या बिड्या कोण वळणार? कारखान्याला माल ठरलेला, घरखर्चाचा आकडा ठरलेला. ते दोन दिवस धाकटीच्या अंगावर आले. ती पहाटे चारला उठून पान कापायला बसू लागली, आणि तिचा पोरगा तेव्हा अंगावर पीत होता. एकदा चुलीपुढे तिने थोरलीला तोंडावर विचारलं, "अक्का, मंगळवार तुमचा, शुक्रवारबी तुमचा, मग माझा वार कंचा?" थोरलीने उत्तर दिलं नाही. देवीने दिलेली विश्रांती आकाशातून आली नव्हती. घरातल्या सगळ्यांत खालच्या बाईकडून काढून ती वरच्या बाईला दिली गेली होती, आणि देवीचं नाव मध्ये असल्यामुळे खालच्या बाईला भांडायला जागा उरली नव्हती. श्रद्धेचा उपयोग बायका घरातल्या अन्यायाविरुद्ध करतात, असं समाजशास्त्रात बरंच लिहिलं गेलं आहे. बरोबरच आहे ते. त्याची किंमत दुसरी एक बाईच मोजते, हे मात्र क्वचित लिहिलं जातं.

जातीचं बोलायला हवं. हे घर शेतकरी जातीतलं. त्यांच्याकडे जट म्हणजे मान, अंगात येणारं वारं, फार तर आठवड्यातून दोनदा पाच घरचा जोगवा. दोन गल्ल्या पलीकडे दलित वस्तीत हीच जट पोरीच्या डोक्यात दिसली तर आईच्या पोटात गोळा येतो. तिथे जटेचा पुढचा टप्पा पिढ्यान्पिढ्या ठरलेला होता : सौंदत्तीला नेणं, गळ्यात दर्शन, म्हणजे देवीच्या नावाचे मणी, बांधणं, पोरगी देवाला सोडणं, आणि मग गावातल्या किंवा मुंबईतल्या कुणाची तरी सोय. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होतं. कर्नाटकाने १९८२ मध्ये मुली सोडण्यावर बंदीचा कायदा केला. बाबासाहेब आंबेडकर १९२५ मध्ये निपाणीतल्या परिषदेला येऊन गेलेले, त्यामुळे या वस्तीत देव टाकून दिलेली घरं जुनी आहेत. पलीकडे गडहिंग्लजला १९७५ मध्ये देवदासींची परिषद भरली, तीही जुन्या बायकांच्या आठवणीत आहे. एवढं सगळं असूनही भीती आहे, कारण सोडलेल्या बायका अजून गल्लीत आहेत, म्हाताऱ्या झाल्यात.

त्यातली एक या प्रकरणात पुढे महत्त्वाची ठरली. लहानपणी सोडलेली, मुंबईला काही वर्षं काढून परत आलेली, आता वखारीच्या दारात भाजी विकते. सरकारी मानधन मिळतं, कारण सर्वेक्षणात नाव लागलं होतं. तिच्या बहिणीचं लागलं नाही, तिला मिळत नाही. थोरलीच्या जटेबद्दल तिला विचारलं तर म्हणाली, "तिची जट म्हंजे पदवी. आमची जट म्हंजे दावं."

डॉक्टरांकडे थोरली गेली होती, आणि एकदाच नाही. गावातल्या एका खाजगी दवाखान्यात मानेसाठी. डॉक्टरने जट बघितली, "हे आधी कापून या" म्हणाला, आणि गोळ्या लिहून दिल्या. ती कापून गेली नाही, परतही गेली नाही. वैद्यकीयदृष्ट्या तो चुकीचं काहीच बोलला नव्हता. केस दीर्घकाळ न विंचरता, तेला-धुळीत राहिले की एकमेकांत गुंतून घट्ट गोळा होतात, सुटत नाहीत. पुस्तकात याला प्लाइका पोलोनिका म्हणतात. पोलंडचं नाव त्यात आहे, कारण तिकडे काही शतकं अशी जट सर्रास होती, आणि तिकडच्या शेतकऱ्यांतही ती कापली तर आजार आत शिरेल, डोळे जातील, अशी समजूत होती. एकोणिसाव्या शतकात तिथल्या डॉक्टरांना त्यासाठी लोकांशी बरीच हुज्जत घालावी लागली. हे मी मुद्दाम मुलीला सांगितलं होतं, आणि तिने ते आजीला. आजीला पोलंड कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण "गोऱ्यांच्यातबी यल्लम्मा हाय म्हण की" या निष्कर्षाला ती तात्काळ पोचली. माहितीने माणूस बदलतो असं मानणाऱ्यांसाठी हे इथे नोंदवून ठेवतो.

दवाखान्यात कुणी विचारलं नाही ते हे, की दिवसाला किती तास मान खाली असते. आशाताईने, म्हणजे गल्लीतल्या सरकारी आरोग्य कार्यकर्तीने, विचारलं. ती गल्लीतलीच, मराठी बोलणारी, फॉर्म मात्र कन्नडात भरणारी. तिच्या रजिस्टरात जटेला रकाना नाही. उवांचंही औषध तिच्याकडे नव्हतं. पण कानामागची जखम तिनेच पहिल्यांदा नीट बघितली आणि मुलीला बाजूला घेऊन सांगितलं की यात पू धरलाय, उद्या ताप चढला तर आईनं धरलंय म्हणून बसाल.

मुलगी समाजशास्त्र शिकत होती, म्हणून माझा या घराशी संबंध. तिने आधी सरळ वाट धरली. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांशी बोलली. महाराष्ट्रात हे काम १९८९ पासून संघटितपणे चाललंय आणि जट काढण्याचा त्यांचा अनुभव दांडगा आहे. नवऱ्याने त्यांना दारात उभं केलं नाही. कारण विचारलं तर म्हणाला, गावात नाव होतंय, फोटो काढत्यात. त्या फोटोंबद्दल माझंही मत चांगलं नाही. आधी जट, नंतर हसरा चेहरा, मध्ये कात्री. बाईचं तोंड कशाला दाखवायचं? पण या कार्यकर्त्यांच्या धाडसाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. निपाणीच्या उत्तरेला कोल्हापूर, दक्षिणेला धारवाड. २०१५ च्या फेब्रुवारीत पहिल्या गावात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ऑगस्टमध्ये दुसऱ्या गावात कन्नड संशोधक एम. एम. कलबुर्गी यांच्यावर. त्याआधी २०१३ मध्ये पुण्यात नरेंद्र दाभोलकर. महामार्ग एकच आहे. अंधश्रद्धेविरुद्धचे कायदे दोन्हीकडे झाले, महाराष्ट्रात २०१३ चा, कर्नाटकात २०१७ चा. थोरलीची जोगतीण एका राज्यात आणि डोकं दुसऱ्या राज्यात, त्यामुळे कुणाचा कायदा कुणाला लावायचा हा विनोद कॉलेजात बराच चालला.

जट निघाली ती तिघींच्या बोलण्यातून. आशाताई, मुलगी आणि ती भाजीवाली. भाजीवालीला सासूने आत घेतलं, ओट्यावर बसवलं, चहा दिला. कप वेगळा होता, हे मी बघितलं आणि तिनेही बघितलं. तिने सासूशी वाद घातला नाही. एवढंच म्हणाली की मी सोडलेली हाय, माझ्या तोंडनं आई खोटं बोलायची न्हाई. तिला केस नगं असत्यात, तिला भक्ती लागती. मग सासूने अटी घातल्या. जोगतिणीचा कौल घ्यायचा. मंगळवारी-शुक्रवारी कापायची नाही. कापलेली जट डोंगरावर नेऊन आईच्या पायाशी घालायची. कार्यकर्त्यांना यातली एकही अट पटली नसती, आणि त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. कौल मागितला की कौल देणारीचा अधिकार मान्य होतो. पण कानामागे पू होता. मुलीने अटी मान्य केल्या, मी तिच्या बाजूचा आहे.

जोगतिणीने कौल दिला. का दिला याबद्दल गल्लीत दोन मतं आहेत. एक असं की आशाताईने तिला जखमेचं आणि कायद्याचं एका वाक्यात सांगितलं. दुसरं असं की तिलाही ती बाई मरायला नको होती. मला दुसरं जास्त खरं वाटतं.

एका गुरुवारी दुपारी, परसात, खाली गोणपाट घालून बसवलं. आधी कोमट तेल, मग साध्या कात्रीने, मुळापासून बोटभर सोडून. ती कात्री चालेना, तेव्हा धाकटी आत जाऊन बिडीचं पान कापायची कात्री घेऊन आली आणि म्हणाली, सरका, मी कापते. तीच कापत राहिली, दोन तासांवर. थोरलीने डोळे मिटून घेतलेले, दोन्ही हात जमिनीवर. शेवटचा भाग सुटला तेव्हा मान एकदम पुढे गेली. रक्त आलं नाही. आत टाळू पांढरी पडलेली, उवांची लिखं चिकटलेली, कानामागे रुपयाएवढी ओली जखम. मुलीने जट दुकानातल्या काट्यावर ठेवायचा हट्ट धरला, आजीने ठेवू दिली नाही. जखमेला मलम आणि प्रतिजैविकं सरकारी दवाखान्यातून मिळाली, ती दहा-बारा दिवसांत भरली.

पौर्णिमेपर्यंत घराचा श्वास अडकलेला होता. मधेच शेळी हगवणीने पडली. नवरा त्या रात्री पिऊन आला, हात उगारला, आणि सासू मध्ये उभी राहिली. शेळी गुरांच्या डॉक्टरने वाचवली. मार्गशीर्षात, रांडाव पुनवेला, देवीचा नवरा जमदग्नी गेल्यावर तिच्या बांगड्या फुटतात त्या दिवशी, सासू आणि थोरली सौंदत्तीला गेल्या. जोगुळभावीला अंघोळ, भंडारा, आणि फडक्यात बांधलेली जट देवीच्या हवाली. नंतर माघातल्या भरत पुनवेलाही गेल्या. थोरलीची भक्ती कमी झालेली नाही. मुलीला ते खटकतं, मला नाही.

सुट्टीचं काय झालं? जट गेल्यावर पहिल्याच मंगळवारी सासूने सूप पुढे सरकवलं. थोरलीने ते बाजूला ठेवलं. शुक्रवारीही तसंच झालं. दोन आठवडे घरात बोलणं बंद. मग तोडगा धाकटीने काढला : मंगळवार अक्कांचा, शुक्रवार माझा, आणि त्या दिवशी जी सुट्टी घेते तिची पान कापायची पाळी दुसरीवर नाही, नवऱ्यांवर. थोरल्या भावाला पत्र्याच्या मापाने पान कापता येत नव्हतं, धाकट्याने शिकवलं. त्याच्या हातची छाट जास्त निघते, चेकर कुरकुरतो. नवऱ्याचा हात पूर्ण थांबला असं म्हणता येणार नाही. दोनदा उगारला गेल्याचं मुलीकडून कळलं. दुसऱ्या वेळी थोरलीने अंगात आल्यासारखं केलं, आणि तो मागे सरला. खरंच आलं होतं का, असं मुलीने विचारलं तर ती म्हणाली, "तुला काय करायचंय? थांबला न्हवं?"

मान अजून दुखते. हाडांच्या डॉक्टरने कोल्हापुरात एक्स-रे काढून व्यायाम सांगितलाय आणि मान खाली घालून बसू नका म्हणालाय. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले आरोग्य योजना लागू केली, त्यावरून दोन्ही सरकारांत जुंपली. या घराने त्याचे कागद अजून केलेले नाहीत, कारण त्यासाठी एक दिवस मोडतो. ट्रंकेतलं बिडी कामगाराचं ओळखपत्र मात्र बाहेर निघालंय, मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी. थोरली सध्या सोमवार ते रविवार, मंगळवार सोडून, रोज हजारच्या जागी आठशे वळते, आणि उरलेल्या दोनशेवरून सासूशी तिचं अजून मिटलेलं नाही.